थंड पाण्यातला बास : जिग आणि वर्म कसे खेळवावेत

दिवाळीचा फराळ संपत आला की डॅलस-प्लेनो भागातली आपली हौशी मंडळी रॉड गॅरेजात टांगून ठेवतात, ते थेट मार्चच्या स्प्रिंग ब्रेकला खाली काढतात. मधले चार महिने ‘थंडीत मासा खात नाही’ या समजुतीपायी फुकट जातात. पूर्व टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावाचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या शेअरलंकर कार्यक्रमात, म्हणजे लोकांनी पकडलेले अतिमोठे बास प्रजननासाठी घेण्याच्या योजनेत, दाखल झालेला पहिला बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) १७.६७ पौंडांचा होता. मार्क स्टीव्हन्सन या गाइडने तो १९८६ च्या नोव्हेंबरअखेरीस याच तलावावर पकडला. राज्याचा विक्रमही इथलाच आहे : १८.१८ पौंड, २४ जानेवारी १९९२. हा मासा पकडणारे बॅरी सेंट क्लेअर त्या दिवशी बासच्या मागे नव्हतेच, क्रॅपी या छोट्या माशासाठी जिवंत मिनो (बारीक मासोळी) लावून बसले होते. म्हणजे आमिष छोटं होतं, खोल होतं आणि जागच्या जागी होतं. थंडीतल्या बासबद्दल जे काही शिकायचं, त्यातलं अर्धं एवढ्यात आलं.

पुढे जे लिहिलंय ते पूर्व टेक्सासच्या तलावांसाठी आहे, मुख्यतः लार्जमाउथ बाससाठी. ओक्लाहोमा, आर्कान्सा, लुइझियाना इथेही थोड्या फरकाने हेच चालतं. मिशिगन किंवा मिनेसोटाला बर्फ फोडून मासेमारी करणाऱ्यांचं शास्त्र निराळं.

थंडीत बासचं काय होतं

बास थंड रक्ताचा. पाणी जेवढं गार, तेवढं त्याच्या अंगातलं यंत्र मंद. खाल्लेलं पचायला वेळ लागतो, म्हणून तो कमी वेळा खातो. पण खाणं थांबवत नाही. विशेषतः माद्यांच्या पोटात थंडीभर अंडी वाढत असतात. फेब्रुवारीत मिळणाऱ्या माद्या वजनाने भारी असतात त्या यामुळेच. बदल होतो तो एवढाच, की तो पाठलाग करत नाही. उन्हाळ्यात पंधरा फुटांवरून धावत येणारा मासा जानेवारीत दोन फूटही सरकायला तयार नसतो.

म्हणून आमिष त्याच्या तोंडाजवळ न्यायचं आणि तिथेच रेंगाळू द्यायचं. हे काम जिग (धातूचं डोकं आणि झिरमिळ्यांचा स्कर्ट असलेला आकडा) आणि वर्म (मऊ प्लास्टिकचं गांडूळ) यांच्याइतकं चोख करणारं दुसरं काही नाही. क्रँकबेटला सतत फिरवत राहावं लागतं, स्पिनरबेट थांबलं की संपलं. जिग तळावर नुसता पडून राहिला तरी त्याचा स्कर्ट पाण्याच्या हालचालीने श्वास घेतल्यासारखा उघडमीट करतो. शिवाय तो दिसतो क्रॉफिश या गोड्या पाण्यातल्या, नांग्या असलेल्या कोळंबीवजा प्राण्यासारखा, आणि तळावर सापडणारा क्रॉफिश म्हणजे बासच्या दृष्टीने फार न धावता मिळणारा घसघशीत घास.

तारीख नको, पाण्याचं तापमान बघा

बोटीवर सोनार असेल तर त्यावर तापमान दिसतंच. काठावरून टाकणाऱ्यांनी दहा-बारा डॉलरचा तरंगता थर्मामीटर घ्यावा, दोरीला बांधून पाण्यात सोडावा. हवेच्या तापमानावर विसंबू नका. टेक्सासमध्ये दुपारी ७५ अंश फॅरनहाइट आणि पाणी ५२, असं डिसेंबरात सर्रास होतं.

पाणी ७० वरून ६० अंशांपर्यंत उतरताना बास शॅड माशांच्या थव्यांमागे खाड्यांमध्ये, म्हणजे तलावाच्या काठात आत शिरलेल्या फाट्यांमध्ये, शिरतात आणि अजून चांगले धावतात. या काळात जिग थोडा वेगाने चालवला तरी चालतं, तीन ते आठ फूट पाण्यातही मासा मिळतो. मजा येते, पण या लेखाचा विषय तो नाही.

६० ते ५० (म्हणजे सुमारे १५ ते १० अंश सेल्सियस) हा जिगचा खरा हंगाम. मासे खाडीच्या तोंडाकडे, जुन्या ओढ्याच्या पात्राजवळ येऊन थांबतात. एक सापडला तर त्याच जागी आणखी सापडण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा जास्त.

५० च्या खाली गेलं की धीर लागतो. पाणी ४५ च्या आसपास आलं की थ्रेडफिन शॅड गलितगात्र होतात, त्याहून गार झालं तर मरून बुडू लागतात. बास तेव्हा खाली पडणारा घास टिपत असतात. इथे हलका जिग किंवा वजन न लावलेला वर्म अगदी सावकाश बुडू देणं, हेच काम करतं.

आणि मग जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी. तीन दिवस सलग ऊन पडलं की उत्तरेकडचे काठ आधी तापतात, कारण ते दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड करून असतात आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून आडोशाला. बाकी तलाव ५० ला असताना अशा एखाद्या खळीत ५४-५५ मिळतं. हा चार-पाच अंशांचा फरक मोठी मादी खोलीतून वर आणायला पुरतो.

आणखी एक, आणि ही घरच्यांना पटण्याजोगी गोष्ट आहे : थंडीत पहाटे पाचला उठून जायचं कारण नाही. दुपारी बारा ते चार हीच उत्तम वेळ. सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडून, निवांत जेवून निघालात तरी काही बिघडत नाही.

सामान : दोन रॉड पुरे

दुकानात गेलात की भिंतभर रॉड बघून डोकं फिरतं. थंडीसाठी दोनच घ्या.

पहिला जिगसाठी आणि टेक्सास रिग या वर्म लावण्याच्या रीतीसाठी (रीती पुढे येतात) : सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट अॅक्शन रॉड, त्याला बेटकास्टिंग रील, आणि १५ पौंडी फ्लुरोकार्बन लाईन. फ्लुरोकार्बन का, तर ती पाण्यात बुडते, कमी ताणली जाते आणि तळावरची बारीकसारीक थरथर हातापर्यंत पोचवते. साधी नायलॉन मोनो स्वस्त आहे, पण तिला ताण जास्त, आणि थंडीतला हलका चावा त्या ताणातच विरून जातो. उभ्या वाळक्या झाडांच्या अगदी बुंध्यात टाकणार असाल तर २० पौंडी घ्या.

दुसरा शेकी हेड आणि वॅकी रिग या वर्म लावण्याच्या आणखी दोन रीतींसाठी : पावणेसात ते सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड. रीलवर १० किंवा १५ पौंडी वेणीची लाईन, पुढे आठ-दहा फूट ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर. ज्यांना बेटकास्टिंग रील अजून जमत नाही, दर तिसऱ्या फेकीला लाईनचा गुंता होतो, त्यांनी पहिल्या थंडीत हा एकच रॉड घेऊन निघावं. गार पडलेल्या बोटांनी गुंते सोडवण्यात अर्धी दुपार जाते.

गाठ पालोमार. लाईन दुमडून आकड्याच्या डोळ्यातून (वरच्या कडीतून) घ्यायची, साधी सैल गाठ मारायची, आकडा त्या फासातून काढायचा, थुंकी लावून ओली करायची आणि मग आवळायची. फ्लुरोकार्बन कोरडी आवळली तर घासून तापते आणि तिथेच कमकुवत होते. दर दोन-तीन माशांनंतर, किंवा लाकडाला घासल्यानंतर, शेवटचा फूटभर लाईन बोटांमध्ये धरून चाचपा. खरखरीत लागली तर कापा आणि पुन्हा बांधा.

जिग तयार करणं

दुकानातून आणलेला जिग तसाच टाकणारे खूप. दोन मिनिटं कात्री चालवली तर तोच जिग दुप्पट उपयोगी होतो.

वजन ठरवताना खोली बघा. आठ फुटांपर्यंत पाव औंस, पुढे पंधरा-अठरा फुटांपर्यंत तीन अष्टमांश औंस, त्याखाली किंवा जोराचा वारा असेल तर अर्धा औंस. नियम असा की तळ कळेल इतकं जड आणि सावकाश पडेल इतकं हलकं. तळ कळत नसेल तर हट्ट न करता एक पायरी जड घ्या. न जाणवणारा हलका जिग काही कामाचा नाही.

डोक्याचा आकारही जागेवर ठरतो. लाकूडफाटा, डॉकचे खांब, झुडपं असतील तर आर्की किंवा तत्सम चपट्या डोक्याचा जिग अडकत कमी. खडी-दगडाच्या उघड्या तळावर फुटबॉल हेड घ्या. आडव्या अंड्यासारखं हे डोकं दगडांवरून डुलत जातं आणि आकडा वरच्या बाजूला ठेवतं.

आता कात्री. स्कर्टच्या झिरमिळ्या आकड्याच्या वळणाच्या किंचित पुढपर्यंत ठेवा, बाकी कापा. थंडीत आमिष आटोपशीर हवं. मग काटेरी ब्रश, म्हणजे आकड्याच्या टोकापुढे उभ्या असलेल्या ताठ तारा, ज्या फांदीत अडकण्यापासून वाचवतात. नव्या जिगवर त्या फार ताठ असतात. थंडीतला बास जिग नुसता ओठात धरतो, तेव्हा त्या तारा दबल्या नाहीत तर आकडा रुततच नाही. म्हणून तिसरा हिस्सा तारा मुळातून छाटा आणि उरलेल्या अंगठ्याने मागेपुढे दाबून मऊ करा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने आकड्याचं टोक उघडं पडलं पाहिजे.

मागे ट्रेलर, म्हणजे आकड्यावर ओवायचं मऊ प्लास्टिकचं शेपूट, लावायचा. उन्हाळ्यात फडफडणाऱ्या नांग्यांचा, थंडीत मात्र जवळजवळ न हलणारा : जाड, छोटा, दोन शेपट्यांचा चंक किंवा अर्धा कापलेला क्रॉ (क्रॉफिशच्या आकाराचं रबरी आमिष). तो आकड्याच्या दांड्यावर सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर जिग पडताना भिंगरीसारखा फिरतो आणि लाईनला पीळ पडतो.

रंगावर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. माझ्या पेटीत तीनच आहेत. निवळ पाण्यात ग्रीन पंपकिन, गढूळ पाण्यात किंवा ढगाळ दिवशी काळा-निळा, आणि फेब्रुवारीत तपकिरीत थोडा नारिंगी. उरलेल्या पैशांत पेट्रोल भरा.

वर्म : तीन रीती

रबरी वर्मचं आणि पूर्व टेक्सासचं नातं जुनं आहे. निक क्रीम यांनी ओहायोतल्या अॅक्रनमध्ये १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लास्टिकचे वर्म ओतले. पुढे त्यांचा कारखाना टायलरला आला, लेक फोर्कपासून तासाभराच्या अंतरावर. आकड्याचं टोक वर्ममध्येच लपवण्याच्या रीतीला टेक्सास रिग म्हणतात ते या मुलखावरूनच.

टेक्सास रिग असा लावा. आधी लाईनवर बुलेटच्या आकाराचं वजन ओवा, टोकदार बाजू रॉडकडे. टंगस्टन परवडत असेल तर तेच घ्या. शिशापेक्षा आकाराने लहान आणि कडक असल्यामुळे तळाची खबर स्पष्ट देतं. मग ३/० आकाराचा ऑफसेट आकडा बांधा. आकड्याचं टोक वर्मच्या डोक्यात बरोबर मध्यभागी अर्धा सेंटिमीटर घुसवा आणि बाजूने बाहेर काढा. आकडा पूर्ण ओढून घ्या, डोळा डोक्यात लपला की आकडा अर्धा फिरवा. आता वर्म नुसता लोंबकळू द्या आणि आकड्याचं वळण वर्मच्या अंगावर नेमकं कुठे येतं ते नखाने खूण करून ठेवा. त्या खुणेतून टोक आरपार काढा आणि वरच्या सालीत किंचित टोचून लपवा. वर्म सुईसारखा सरळ दिसला पाहिजे. मधे फुगवटा आला तर काढून पुन्हा लावा, असा वर्म पाण्यात गिरक्या घेतो. थंडीसाठी सहा-सात इंची, सरळ किंवा बारीक शेपटीचा वर्म आणि पाव औंसापर्यंतचं वजन पुरतं. झाडाझुडपांत टाकताना वजन रबरी खिळीने वर्मला चिकटवून ठेवा, नाहीतर वजन फांदीच्या एका बाजूला आणि वर्म दुसऱ्या बाजूला राहतो.

शेकी हेड म्हणजे गोल डोक्याचा छोटा जिग, एक अष्टमांश ते तीन सोळांश औंस, आणि त्यावर पाच-सहा इंची बारीक वर्म. हा तळावर डोकं टेकवून शेपटी वर करून उभा राहतो. हवामान बिघडलं, मासे रुसले, की मी हाच काढतो. मोठे मासे कमी लागतात, पण हात रिकामे राहत नाहीत.

वॅकी रिग सगळ्यांत सोपा : सेन्कोसारखा जाड, मीठ भरलेला वर्म, त्याच्या मध्यावर रबरी कडी चढवायची आणि कडीखालून आकडा घालायचा. वजन काही नाही. दोन्ही टोकं थरथरवत तो संथ बुडतो. पाणी ५५ च्या वर आणि खोली दहा फुटांच्या आत असेल तर डॉकच्या खांबांशी हा उत्तम. खोल पाण्यात मात्र तळ गाठेपर्यंत कंटाळा येतो.

कुठे टाकायचा

थंडीतल्या जागेला दोन गोष्टी लागतात : जवळच खोल पाणी, आणि त्या उताराच्या कडेला काहीतरी टणक. खोल पाणी का? थंडीची लाट आली की माशाला लांब पोहत न जाता चार-सहा फूट खाली सरकता आलं पाहिजे. खाडीच्या आत शिरलेली जमिनीची दुय्यम टोकं, बुडालेल्या ओढ्याचं पात्र काठाजवळून वळतं ती जागा, पुलाच्या भरावाचे दगड, बोट उतरवायच्या काँक्रीट रॅम्पची कडा, ही ठिकाणं डोळे झाकून निवडावीत. लेक फोर्कवर ५१५ आणि १५४ क्रमांकाच्या रस्त्यांचे पूल यासाठी पहिल्यांदा बघण्यासारखे. दगड उन्हाने तापतात, शेजारच्या पाण्याला थोडी ऊब देतात आणि त्यांच्या फटींत क्रॉफिश असतात.

या तलावाची आणखी एक खूण म्हणजे पाण्यात उभी असलेली वाळलेली झाडं. सुमारे २७,००० एकरांच्या या पाण्यात झाडं इतकी, की कुठल्या झाडापासून सुरुवात करायची हेच कळत नाही. एकेक झाड झोडपत बसू नका. नकाशावर ओढ्याचं पात्र शोधा आणि पात्राच्या काठावरची, त्यातही वळणावरची, झाडंच घ्या. जिग झाडाच्या पलीकडे टाका, बुंध्याला घासत खाली सोडा. उन्हाच्या बाजूचा बुंधा आधी.

बोट नाही? मग स्टेट पार्क बघा. टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या आत काठावरून मासेमारीला लायसन्स लागत नाही, फक्त प्रवेश शुल्क. टायलर स्टेट पार्कचा तलाव ६४ एकरांचा, पायी फिरून बघण्याजोगा. पर्टिस क्रीकचा ३५५ एकरांचा, आणि तिथे बोटींची संख्या व वेग दोन्हींवर मर्यादा असल्याने शांतता असते. काठावरून टाकताना समोर लांब फेकण्याचा मोह होतो. त्यापेक्षा काठाला समांतर, उताराच्या कडेकडेने टाका. जिग सगळा वेळ कामाच्या खोलीत राहतो.

चालवणं : खरं कसब इथे

फेकल्यावर लगेच रील फिरवू नका. जिग पडताना लाईन ना ताठ, ना अगदी सैल ठेवा आणि पाण्यात शिरते तिथे नजर लावा. मनातल्या मनात आकडे मोजा. दहाला तळ लागला आणि पुढच्या फेकीत सहालाच लाईन सैल पडली, तर जिग तळावर नाही, माशाच्या तोंडात आहे.

तळ लागला की आधी दहा सेकंद काहीच करू नका. मग रॉड वर न उचलता आडवा, बाजूला ओढा, फूटभर. उचलला की जिग तळ सोडून वर उडतो आणि थंडीतला मासा त्याला जाऊ देतो. आडवा ओढला की तो तळाला घासत सरकतो. रॉड परत पुढे आणा, सैल झालेली लाईन गुंडाळा, थांबा. पाणी ५५ असेल तर पाच-सात सेकंद, ५० च्या खाली वीस-तीस. घड्याळ लावून बघा, वीस सेकंद किती लांबलचक असतात ते कळेल. आपल्याला वाटतं आपण खूप सावकाश चाललोय, प्रत्यक्षात दुप्पट वेगाने ओढत असतो. रीलने आमिष ओढायचं नाही, रील फक्त लाईन गोळा करण्यासाठी.

या ओढण्यातून तळाचा नकाशा हाताला कळू लागतो. चिखलात नुसतं जड वाटतं, ओलं पोतं ओढल्यासारखं. खडीवर बारीक कर्रर्र. मोठ्या दगडावर ठक्, मग क्षणभर पोकळी. लाकडावर जिग चढतो, रॉडचं टोक हळूहळू वाकतं आणि एकदम सुटतं. शेवाळ-गवत लवचीक ताण देतं. चिखल संपून खडी सुरू होते ती सीमारेषा सापडली की तिथे थांबा, काठावरची खूण लक्षात ठेवा, त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा टाका. मासे रेषेवर असतात. लाकडावर जिग चढला की पलीकडे सोडण्याआधी फांदीवर टेकवून रॉडचं टोक तीन-चारदा थरथरवा, मग सैल सोडा. बहुतेक चावे त्या सुटण्याच्या क्षणी येतात.

वर्म असाच, फक्त आणखी कमी हालचाल. शेकी हेडच्या नावावर जाऊ नका. गार पाण्यात त्याला फार हलवायचं नसतं. लाईन सैल ठेवून टोक किंचित थरथरवलं तरी खाली शेपटी नाचते.

अडकला तर झटका मारू नका, त्याने आकडा लाकडात खोल जातो. लाईन सैल करून टोक हलवा. नाही सुटला तर विरुद्ध बाजूला जा. तरीही नाही, तर रॉड ताणून दुसऱ्या हाताने लाईन धनुष्याच्या दोरीसारखी ओढून सोडा. महाराष्ट्रात मरळीसाठी शेवाळावर बेडूक खेळवलेल्यांना अडकलेलं आमिष सोडवण्याचा सराव असतोच. मात्र मरळीचा तो फाडकन येणारा हल्ला इथे विसरा.

चावा ओळखणं आणि हुक सेट

थंडीतला बास धडक देत नाही. तोंड उघडून पाणी आत ओढतो, पाण्याबरोबर जिग जातो. हाताला काय कळतं? कधी एक ‘टक’, नखाने लाईनवर टिचकी मारल्यासारखी. कधी काहीच नाही, फक्त लाईन बाजूला सरकायला लागते. कधी जिग अचानक जड, स्पंजात रुतल्यासारखा. आणि सगळ्यांत फसवा : जिग अचानक हलका, म्हणजे मासा तो उचलून तुमच्याकडे येतोय. म्हणून रीलपुढच्या लाईनखाली एक बोट ठेवा. हातमोजे घालायचेच तर बोटं उघडी राहतील असे.

शंका आली की हुक सेट मारा, म्हणजे रॉडला झटका देऊन आकडा रुतवा; ती फांदी निघाली तर बिघडलं काय? पण पद्धतीने. रॉडचं टोक खाली माशाच्या दिशेला, सैल लाईन भराभर गुंडाळा, वजन जाणवलं की दोन्ही हातांनी जोरात वर. जिग आणि टेक्सास रिगला हा जोर लागतोच. एकात जाड आकडा असतो, दुसऱ्यात आकड्याला आधी प्लास्टिक फोडायचं असतं. शेकी हेड आणि वॅकीला मात्र असा हिसका देऊ नका, ८ पौंडी लीडर तुटेल. तिथे रील फिरवत रॉड एका बाजूला दाबून नेला की बारीक आकडा आपोआप रुततो.

नॉर्दर आला तर

उत्तरेचा कोरडा गार वारा, ज्याला इकडे ब्लू नॉर्दर म्हणतात, तो काही तासांत हवेचं तापमान तीस-चाळीस अंश फॅरनहाइटने पाडतो. तो यायच्या आदल्या दुपारी, ढग दाटलेले आणि वारा दक्षिणेचा असताना, कामावरून लवकर निघता आलं तर निघा. हिवाळ्यातली सगळ्यांत चांगली मासेमारी तेव्हाच होते. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र, निळंशार, फोटोला झकास आणि मासेमारीला रद्दी. तेव्हा मासे झाडाच्या बुंध्याला चिकटतात. जिग लहान करा, थांबणं दुप्पट करा, त्याच बुंध्याशी पाच-सहा वेळा टाका. दोन दिवस थांबून जाणं हा त्याहून चांगला उपाय.

बोटीत असाल तर लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. ५० अंशांच्या पाण्यात पडल्या पडल्या माणूस धापा टाकायला लागतो, चांगला पोहणाराही पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी घेतो. हलत्या छोट्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना जॅकेट घालणं टेक्सासमध्ये कायद्याने सक्तीचं आहे, पण थंडीत मोठ्यांनीही पट्टा बांधूनच बसावं.

मासा हातात आल्यावर

लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला लार्जमाउथ ठेवता येत नाही, ताबडतोब सोडावा लागतो. दिवसाला पाचची मर्यादा आणि त्यात २४ इंचांवरचा एकच. मोजपट्टी बोटीत ठेवा. तोंड मिटवून, शेपटी चिमटीत धरून मोजतात. स्टेट पार्कबाहेर १७ वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं, आणि साधं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, कुठल्याही महिन्यात घेतलं तरी. डिसेंबरात पाहुण्या मेव्हण्याला घेऊन जाणार असाल तर त्याच्यासाठी एका दिवसाचं मिळतं.

मोठा मासा खालच्या जबड्याला लोंबकळता धरून फोटो काढू नका. दुसरा हात पोटाखाली हवा, आणि तो ओला. आकडा घशात गेला असेल तर उपटण्यापेक्षा लाईन जवळून कापा. खायचाच असेल तर १६ इंचांखालचा घ्या. पूर्व टेक्सासच्या काही तलावांमधले मोठे बास पाऱ्यामुळे बेताने खावेत, असा राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तो तलावाप्रमाणे बदलतो, तेव्हा आधी बघून घ्या. खरं सांगायचं तर रवा लावून तव्यावर तळायला क्रॅपी बासपेक्षा कितीतरी सरस.

निघताना बोटीतलं, लाइव्हवेलचं (मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं) सगळं पाणी रॅम्पवरच काढा. २००९ साली लेक टेक्सोमात झेब्रा मसल शिंपले सापडले, तेव्हापासून ते एका तलावातून दुसऱ्यात पसरताहेत, आणि पाणी न काढता निघालात तर दंड होतो. घरी आल्यावर जिगवरचा ट्रेलर काढून टाका. त्यातल्या मिठाने एका आठवड्यात आकडा गंजतो आणि ब्रशच्या तारांखाली तो गंज दिसतही नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे वर्म एकाच डब्यात कोंबू नका, काही प्लास्टिकं एकमेकांना लागली की वितळून गोळा होतात. मूळ पाकिटांतच ठेवा, आणि जिग उघड्या डब्यात रात्रभर वाळू द्या.